चिकटपट्टीखालचे डोळे

मंगळवार, संध्याकाळ

एमआयडीसीतून घरी आलो, तर नववीतली बहीण वहीला कव्हर घालत होती. कव्हर म्हणजे पूजानं काढलेलं जुनं मुखपृष्ठ! कॉलेजात आम्ही दोघांनी शाळकरी पोरांसाठी गाण्यांचं मासिक केलं होतं, त्याचं.

"दादा, ही गाणारी माझ्याकडंच बघती की. लई भारी!"

एका नजरेत कळलं पोरीला. मला मात्र मुखपृष्ठावर काळी अक्षरं, विजा हव्या होत्या; तसं एक मी केलंही. शाळेतल्या पोरांनी दोन्हींतलं पूजाचंच निवडलं, तेव्हा मी ते सगळ्यांसमोर फाडलं. कॉलेजही सोडलं. हरलो म्हणून? तिच्यापुढं हरलो म्हणून.

नंतर तुकडे चिकटपट्टीनं जोडले, हे तिला कुठं सांगितलं? पट्टी नेमकी डोळ्यांवरून गेलीय, तरी ती गाणारी बघतेच.

"कुणी काढलंय रे?"

"पूजानं," म्हणालो. दोन वर्षांनी नाव घेतलं, तेही तिच्या माघारी.