तू तिला मराठीत रागावलीस

आई,

तुझी ब्रेलची पाटी आणि ठिपके पाडायचा टोचा अंध मुलांच्या शाळेला हवे आहेत. काल दुपारी खालच्या मजल्यावरच्या तिने स्वतः फोन करून सांगितलं, संध्याकाळी मी शाळेत विचारून खात्री करून घेतली. इतकी वर्षं बातम्या लिहून ही सवय लागली आहे. फोन करणारी म्हणजे दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आपल्या खाली राहणारी, जन्मापासून न दिसणारी मुलगी. आता त्याच शाळेत शिकवते. "दीदी, कंप्यूटर सब पढ़कर सुना देता है, बच्चे हाथ से लिखना ही नहीं चाहते," ती म्हणाली. "आंटीजी वाली पाटी से सिखाऊँगी. मन न हो तो साफ बोल देना." मी म्हटलं, ढूँढनी पड़ेगी. शोधावी लागणार नव्हती. नोएडाला आल्यापासून ती माझ्या टेबलाच्या खणातच आहे.

तू ऑफिसातून यायचीस, चहा अर्धा टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचीस आणि तिची शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायचीस. जाड कागद पाटीत अडकवायचा, उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे एकेक ठिपका टोचत जायचं. माझ्या वह्यांना कव्हर म्हणून घालायची कॅलेंडरं त्या कामात गेली, माझ्या वह्यांना वर्तमानपत्र आलं. पान झालं की तू डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचीस. एकदा मीही समोर डोळे मिटून बसले. "झोप आली असेल तर आत जा," तू म्हणालीस.

तिच्या सहामाहीच्या भूगोलाच्या पेपराआधीची, सुट्टीची दुपार. तिचं पुस्तक टेबलावर आहे, तू गच्चीवर कपडे काढायला गेली आहेस. मी लाटणं घेते आणि एका पानावरून दाबून फिरवते. दोनदा. ठिपके सपाट होतात. नंतर ती येते, वाचता वाचता तिचं बोट थांबतं. "आंटीजी, यहाँ तो कुछ है ही नहीं." पान नाकाशी नेते. लाटण्याला सकाळच्या पराठ्यांचं तूप होतं. ती माझ्या बाजूला तोंड वळवते आणि म्हणते, "मेरे ही बस्ते में दब गया होगा."

तू तिला रागावलीस. "किती वेळा सांगितलं, पुस्तक उभं ठेवायचं म्हणून? लक्ष कुठे असतं तुझं?" बाहेरच्या माणसाशी तू नेहमी हिंदीत बोलायचीस, भाजीवाल्याशी भांडतानाही. मराठीत फक्त मला ओरडा मिळायचा. ती मान खाली घालून ऐकत होती, पण ओठांत हसू होतं. जिना उतरताना तिने आपल्या आईला मोठ्याने सांगितलं, "आज आंटीजी ने मुझे मराठी में डाँटा." बक्षीस मिळाल्यासारखं. तू ते पान पुन्हा टोचलंस, अंगठ्याला कापूस गुंडाळून. मी शेजारी बसून कणीक मळली.

तिला तुझं बोट मिळालं, तुझ्या संध्याकाळी मिळाल्या, याचा हेवा वाटणं मला समजतं. पण माझ्या चुकीबद्दलचं रागावणंही तिलाच मिळालं, हे अजून सलतं. माझे छापून आलेले लेख तू "रविवारी वाचते" म्हणून उशाशी ठेवायचीस. तिची प्रत्येक ओळ मात्र तू बोटाने दोनदा तपासलेली असायची. लाटण्याची गोष्ट तुला कधीतरी सांगायची होती. तू गेलीस तेव्हा मी ऑफिसात दुसऱ्या दिवशीच्या अंकाचं पान लावत होते.

तिने तर त्याच दुपारी वासावरून ओळखलं होतं. तरी काल विचारलं, द्यायचं मन आहे का, आणि पुढे म्हणाली, "हक तो तुम्हारा पहले है." हे तिने म्हणायला नको होतं.

शनिवारी अकरा वाजता ती मेट्रोने येणार आहे, मी स्टेशनवर घ्यायला जाणार आहे. ती पिशवीत हात घालून आधी टोचाच चाचपेल. हे पत्र त्याच खणात राहील. पाटी मी पिशवीत ठेवली आहे. टोचा अजून ठेवलेला नाही.