खोकल्याचा रकाना

प्रिय सुनील भाऊजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तांड्यात सगळे बरे आहेत. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू आहे. पियुष आता चार वर्षांचा झाला. मेंदूज्वरात त्याचा डावा कान गेला तो गेलाच, पण उजव्या बाजूनं हाक मारली की हातातलं टाकून पळत येतो. तुमच्या पुतण्याचा हट्ट तुमच्यापेक्षाही जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वी तो दवाखान्यात होता, तेव्हा डॉक्टरांनी त्या आठवड्यात त्याच्याजवळ राहिलेल्यांची यादी मागितली. मी तांड्याची आशा सेविका, याद्या करणं माझं रोजचंच काम. नाव, वय, खोकला किंवा घसादुखी, हो की नाही. सगळ्यांना गोळ्या मिळाल्या. लघवी केशरी झाली म्हणून मामंजींनी घर डोक्यावर घेतलं, आठवतं? तुम्ही हसत म्हणाला होता, "कोयशाचा खोकला हाय वहिनी, मले कायले गोया देता?" वणीच्या कोळसा खाणीत लागल्यापासूनचा तुमचा खोकला, मला ठाऊक होता. तरी यादीत 'हो' फक्त तुमच्याच नावापुढे होतं.

पोराला आजार कोणाकडून आला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी यादी वाचून दाखवली. पुढच्या तीजेच्या सणाला त्यांनी तुमचा ग्लास वेगळा ठेवला. तुम्ही त्यातून पाणी प्यालात आणि पहिल्या जीपनं निघून गेलात. तेव्हापासून आला नाहीत.

हा जंतू धडधाकट माणसाच्या घशातही राहतो. शिंकेतून, लाळेतून जवळच्या माणसाकडे जातो. पियुषला तो कोणाकडून आला, हे कोणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाकीच्या घरांत जाऊन मी हे समजावलं. आपल्या घरात गप्प बसले.

कारण त्या आठवड्यात घसा माझा दुखत होता. शेंगदाणे चावून मी माझ्या तोंडातला घास पियुषला भरवत होते, आणि स्वतःच्या नावापुढे मी 'नाही' लिहिलं. आईनंच पोराला दिलं म्हणतील, या भीतीनं. तुमच्यावर ढकलून मोकळी झाले, याची फार लाज वाटते. काल जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासूबाई ताटावरून उठल्या. फळीवरचा तुमचा ग्लास त्यांनी काढला, घासला आणि बाकीच्या ग्लासांत ठेवून दिला. आज सकाळी चहा ओतताना पाहिलं, तो कोणता ते आता ओळखू येत नाही. रविवारी या.

तुमचीच वहिनी,
उज्ज्वला