डुकराचा मागचा पाय

विसरभोळ्या बार्नाबाश,

तुला एक आजी आहे आणि ती अजून जिवंत आहे. अक्षर शेजारच्या पिरोश्काचं, संशय माझा.

दरवर्षी नाताळला डुक्कर कापताना त्याचा मागचा पाय तू गुडघ्यानं दाबून धरतोस. यंदा म्हणालास, "आजी, सराव आहे गं." अरे लबाडा, नाताळच्या सुट्टीत कसला सराव? फुटबॉलच्या शेवटच्या सामन्यातही मधल्या फळीत नुसता चालत होतास. गुडघा दुखावलाय, आणि नव्या क्लबच्या करारावर सही होईपर्यंत लपवतोयस ना?

पिरोश्का म्हणते, "काकू, पोस्टातली बाई पाकिटं उजेडात धरून वाचते. सही बोंबलेल पोराची." म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. फोनवर एवढंच सांगेन: नाताळच्या केकासाठीची खसखस पार्सलनं नको, स्वतः आण, आणि थांब्यापासून चालत ये. मी खिडकीत बसते.

तुझी आजी, रोझालिया