दोन ठिकाणी मोडलेला हात

ग्रिम्स्बी, मंगळवार

क्लाइव्ह,

जामिनाच्या अटीनुसार आपण बोलायचं नाही, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

तू ढकललंस आणि माझा हात दोन ठिकाणी मोडला. पोलीसबाई म्हणाली, "कातडी फाटली नाही, म्हणून कायद्यात ही जखम नाही. गंभीर इजा आहे."

"मग बाई, मी उगाचच बोंबलले म्हणायची!"

ती हसली नाही. सगळं हेतूवर होतं. तुला माझं हाड मोडायचंच होतं असं ठरलं, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा; नाहीतर जास्तीत जास्त पाच वर्षं. शेजारच्या मेव्हिसनं तुला "खून करीन तुझा" असं ओरडताना ऐकलं होतं.

मी सांगितलं, "पत्त्यांत हरला की दर रविवारी हेच म्हणतो तो." पण हेही सांगितलं, की मी घसरले नाही, तूच ढकललंस. तुझ्यासाठी खोटं आई बोलायची. मी बोलणार नाही.

आज कळलं, कलम हलकं झालं आणि तू कोर्टात गुन्हा कबूल केलास. मी पोलीसबाईला विचारलं, "'पण तिनंच सुरुवात केली', असं म्हणाला?"

"नाही. एकदाही नाही."

चौपन्न वर्षांत पहिल्यांदा, क्लाइव्ह. होईल ती शिक्षा भोगून ये. दार मी उघडीन.

डाव्या हातानं लिहिणारी तुझी बहीण,
डोरीन