काळ्या डब्याचं झाकण

३ मार्च, सोमवार
फोन, लिही. बटण दाबायचं, बोलायचं, तू उतरवून घ्यायचंस — नातीनं असंच शिकवलंय. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनही सुरक्षित!

नातीनं प्रयोगशाळेतून स्वतः बनवलेला काळा डबा आणलाय. उचलला, तर हातात काही आहे की नाही तेच कळेना. "आजी, ही जवळजवळ नुसती हवा आहे, कोळशाच्या तंतूंनी धरून ठेवलेली. यंत्रांच्या लहरी एकमेकींच्या कामात लुडबुडतात, त्या हा डबा अडवतो. विमानात जड पत्रा परवडत नाही ना!" म्हटलं, तुझ्या आईच्या तोंडालाही एक झाकण कर. सून आतून म्हणाली, "ऐकू येतंय हं!"

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर डब्याची परीक्षा. फोन डब्यात ठेवून बाहेरून लावायचा. वाजता कामा नये.

४ मार्च
झाकण पुसलं. धूळ दिसली म्हणून! कडेला बोटभर चीर गेली. डिंक भरला. आता दिसत नाही. म्हणजे मला, चष्म्याशिवाय.

५ मार्च
घरी सराव. सुनेनं फोन लावला. वाजला — खणखणीत! नात पांढरीफटक. "डब्याचं मिश्रणच चुकलं, आजी. दोन वर्षं वाया." आणि मी गप्प. उभ्या जन्मात कुणाचं ऐकून न घेणारी मी!

६ मार्च
ती सकाळपासून आकडे तपासतेय. सांगायला दोनदा दारापर्यंत गेले. पहिल्यांदा तोंडातून निघालं, "चहा घेतेस?" दुसऱ्यांदाही तेच. "आजी, आत्ताच दिलास की!"

७ मार्च
सांगितलं. एका दमात. वाटलं, आता फाडून खाईल. ती झाकण घेऊन खिडकीशी धावली, नखानं डिंक खरवडला. "म्हणजे मिश्रण बरोबर आहे! लहरी या चिरेतून शिरल्या!" मला घट्ट मिठी मारली, आणि मग मटकन खाली बसली. सकाळीच साहेबांना कळवून मोकळी झाली होती — प्रयोग फसला, सोमवारच्या परीक्षेतून माझं नाव काढा. "आता कुठल्या तोंडानं सांगू, आजीनं मोडलं म्हणून? कोण खरं मानेल?"

८ मार्च
फोन, आज साहेबांना लिही.

साहेब, झाकण मी मोडलं. डिंकही माझाच. तीन दिवस दडवलं. पोरीचं नाव राहू द्या. पुरावा हवा तर सोमवारपासूनची ही सगळी पानं सोबत धाडते, सुनेवरच्या शेऱ्यासकट.

सहीच्या जागी अंगठा. फोनवर तो कसा उठवायचा, ते नात दाखवतेय.