टोपीची घडी

१ जानेवारी १९७१, शुक्रवार. सकाळी ७
आजपासून मी, दस्तगीर हुसेनसाब नदाफ, वय एकोणतीस, गिरणीतला हजेरी क्लार्क, राहणार भवानी पेठ, मुसलमान नाही. हिंदू नाही, ख्रिश्चन नाही, काहीच नाही. फक्त माणूस.

कारण एकच. नमाजला उभा राहतो तेव्हा समोर कोणी आहे असं वाटत नाही. चार वर्षं झाली. अब्बांच्या माघारी अम्माला बरं वाटावं म्हणून उभा राहत होतो. खोटं उभं राहणं आता बास.

डायरी मराठीत. उर्दूत लिहिली तर अम्मा शेजारच्या चाँदभाईंकडून वाचून घेईल. मराठी दिसलं की तिला ऑफिसचं काम वाटतं.

दुपारी २
जुम्म्याला गेलो नाही. गिरणीसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. भिंतीकडे तोंड करून बसलो. यंदा थंडी जास्त आहे.

अम्मानं नेहमीप्रमाणे धुतलेली टोपी घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली होती. ती तशीच परत नेली.

अम्माला आज सांगणार होतो. तिची कंबर दुखत होती. रविवारी सांगेन.

८ जानेवारी, शुक्रवार
दुसरा जुम्मा चुकवला. गल्लीत खळबळ माजणार याची मानसिक तयारी केली होती. बहिष्कार घातला तर काय बोलायचं, त्याचे पाच मुद्दे काढून खिशात ठेवले होते.

कोणी काही बोललं नाही. उलट चाँदभाई ओट्यावरून उठून सलाम करून गेले. वयानं वडिलांसारखे. घाबरले असणार. ठाम माणसासमोर समाज नमतो तो असा.

मात्र तोंडातून ‘या अल्ला’ दिवसात चारदा गेलं, एकदा तर नुसतं खुर्चीत बसताना. उद्यापासून बंद, इन्शाल्ला.

२० जानेवारी
स्वतंत्र विचाराला स्वतंत्र खोली हवी. नव्या पेठेत रुद्रप्पांच्या माडीवर एक रिकामी आहे. त्यांनी चहा पाजला, खोली दाखवली, खिडकी उघडून वारा दाखवला. मग नाव विचारलं.

मी ताबडतोब खुलासा केला की मी धर्म सोडला आहे. रुद्रप्पांनी खिडकी लावून घेतली. म्हणाले, “तुमी सोडलाव हो, पण नाव कुटं सोडलंय? पाटीवर काय लिवायचं? घरात बायका लई जुन्या वळणाच्या हायत.” नाव बदलून या, मग बघू, असंही म्हणाले.

नाव अब्बांनी ठेवलंय. ते का बदलू? शिवाय खोलीला ओल होती.

७ फेब्रुवारी, रविवार. बकरी ईद
ईदगाहवर न जाण्याचा निर्णय उघडपणे घेणार होतो. पहाटेच मान धरली. पांघरूण घेऊन पडून राहिलो. अम्मा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की पोरगा तापानं फणफणलाय. मी खोडून काढलं नाही. आजारी माणसानं वाद घालू नये.

दुपारी चाँदभाईंकडून मटण आलं. खाल्लं. खाण्याला धर्म नसतो.

८ फेब्रुवारी
हेडक्लार्क नारायणरावांनी सकाळी सकाळी विचारलं, डबा कुठाय? हे आमच्या नवविचार मंडळाचे अध्यक्ष. रुद्रप्पा सोडले तर मी हे सांगितलंय असा जगात हा एकच माणूस. त्यांना पुन्हा समजावलं की मी आता फक्त माणूस आहे. ते म्हणाले, ते मान्यच आहे, पण दरवर्षी ईदचा डबा असतो.

उद्या नेईन. अम्मानं त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय.

२१ फेब्रुवारी, रविवार
मंडळात माझं व्याख्यान. विषय : माणूस. सतरा पानं लिहिली होती. श्रोते अकरा.

नारायणरावांनी ओळख करून दिली ती ‘आपले मुस्लिम बंधू’ अशी. त्यानंतर अर्धा तास त्यांनीच मुसलमान कसे असतात ते सांगितलं. मी मान हलवत होतो, कारण खुर्ची स्टेजवर होती. मग एकजण उठून म्हणाला, तुम्ही निघालात ते बरं झालं, ती माणसं मुळातच कडवी.

त्या माणसाच्या घरच्या गाद्या माझ्या अब्बांनी वीस वर्षं पिंजल्या. त्याच्या आईच्या बाळंतपणाची दुलईसुद्धा. माझी सतरा पानं बाजूला राहिली. पाऊण तास मी अब्बा, अम्मा, चाँदभाई, रोजे, जकात, सगळ्यांची बाजू मांडली. आवाज चढला होता, असं नंतर कळलं. शेवटी मंडळानं नारळ दिला.

परतताना नारायणराव प्रेमानं म्हणाले, “दस्तगीर, तुम्ही अजून पुरते बाहेर आला नाहीत.”

एकूण व्याख्यान यशस्वी. श्रोते हलले.

२६ फेब्रुवारी
निवडणूक तोंडावर. एका पक्षाची माणसं आली. म्हणाली, तुमच्या समाजाची गल्लीतली मतं तुमच्या शब्दावर आहेत. मला समाज नाही, असं मी सांगितलं. ते हसले आणि माझ्या हातात उर्दू पत्रकांचा गठ्ठा ठेवून गेले. दुसऱ्या पक्षाची माणसं दारावरून पुढं गेली. म्हणे, इथं थांबून काय उपयोग.

पत्रकं अम्मानं डब्यांखाली अंथरली.

१० मार्च
शिरगणती सुरू झाली. मला कसं सुचलं नाही! घरमालक नावावर जातात, मंडळ नावावर जातं, पण सरकारला माणूस सांगेल तेच लिहावं लागतं. आमच्या भागाला शाळेतले चनमल्लप्पा गुरुजी आहेत. ते विचारतील, धर्म? मी म्हणेन, काही नाही. सरकारी कागद, शाई, शिक्का. मग कोण काय बोलेल?

आरशासमोर म्हणून पाहिलं. दोनदा आवाज बारीक आला, तिसऱ्यांदा चांगला.

१४ मार्च, रविवार
सकाळभर धुतलेला शर्ट घालून बसलो. दुपारी दाढीचं ब्लेड आणायला कोपऱ्यावर गेलो. दहा मिनिटं. परत आलो तर गुरुजी येऊन गेले होते. अम्मानं सगळं सांगून टाकलं होतं.

१५ मार्च
सुट्टी टाकून शाळेत गेलो. गुरुजींनी माझी स्लिप काढून दाखवली. धर्म : मुस्लिम. अक्षर वळणदार.

“तुमच्या आईनंच सांगितलं की. मी काय मनानं लिवलो?” गुरुजी म्हणाले. मी माझा विचार सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. एक तारखेला ते फेरतपासणीला येणार आहेत. घरी, सगळ्यांसमोर सांगा, खोडून तसं लिहितो, म्हणाले. सज्जन माणूस.

म्हणजे सोळा दिवस आहेत. तेवढ्यात अम्माला सहज सांगून होईल.

१९ मार्च, शुक्रवार
चाँदभाई आणि मशिदीतले तिघे घरी आले. आला एकदाचा बहिष्कार, म्हणून मी पाच मुद्द्यांचा कागद शोधू लागलो. त्यांनी मला मशीद कमिटीचा सेक्रेटरी व्हा म्हणून विनंती केली. म्हणाले, शिकलेला पोरगा, ड्युटीवर असूनही एक जुम्मा चुकवत नाही, गिरणीजवळच्या मशिदीत जातो. तुमची अम्मा दर शुक्रवारी अभिमानानं सांगते.

म्हणजे अडीच महिने गल्ली घाबरलेली नव्हती. गल्लीला माहीतच नव्हतं. मी केलेलं बंड कोणाला दिसलंच नाही.

विचार करून सांगतो, म्हणालो. इन्शाल्ला म्हणालो.

२८ मार्च, रविवार
अम्माला विचारलं, खोटं का सांगितलंस?

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, पहिल्या जुम्म्यालाच कळलं. “टोपी जैसी दी वैसीच वापस आती. घडी भी नहीं मोडती. मैं धोती, घडी घालती, तू वैसीच लाता. मेरेकू समजता नहीं क्या?”

तेरा शुक्रवार ती न मळलेली टोपी धूत होती.

मी सांगायला लागलो. समोर कोणी आहे असं वाटत नाही, वगैरे. पाठ केलेलं निम्मं विसरलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला माझ्याकडे मुद्दे होते. तिनं एवढंच विचारलं,

“मैं मरी तो मिट्टी कौन देंगा रे मेरेकू?”

अब्बांच्या कबरीत पहिली तीन मुठी माती मी टाकली होती. तो मान मुलाचा. धर्म सोडलेल्या मुलाला गल्ली कबरस्तानात पाऊल टाकू देईल का? तिला दुसरं मूल नाही.

सतरा पानं पुन्हा काढून बघितली. त्यात याचं उत्तर नाही. मला फार एकटं वाटतंय. हे कोणाला सांगायचं तेही कळत नाही. नारायणरावांना सांगितलं तर ते यावर व्याख्यान ठेवतील.

१ एप्रिल, गुरुवार
गुरुजी साडेपाचला आले. ओट्यावर बसले, स्लिप काढली, पेनाचं टोपण उघडलं. अम्मानं त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेरेकू जो बोलना सो बोल. मैं अंदर जाती.” आणि आत गेली.

आत ती स्टोव्हला पंप मारत होती. गुरुजींनी विचारलं, धर्म? पंपाचा आवाज थांबला.

आरशासमोर तिसऱ्यांदा चांगला आला होता तो आवाज मी शोधत होतो. गुरुजींनी वाट बघितली. घाई केली नाही.

“आहे तेच राहू द्या,” मी म्हणालो.

गुरुजींनी टोपण लावलं. खाडाखोड वाचली म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं. जाताना म्हणाले, पुढची शिरगणती ऐंशी-एक्याऐंशीत. अम्मा तेव्हा सत्तरीत असेल. असावी.

आतून स्टोव्ह पुन्हा सुरू झाला. चहा आला.

उद्या शुक्रवार. टोपी दोरीवर वाळतेय. उद्या घडी तेवढी मोडून आणायची.