नावाची जागा सोडलेली कुंची

मी, कौशल्या सीताराम पायगुडे, वय पंचवीस, राहणार कोथरूड, पुणे, शिक्षण सातवी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. लिही म्हणून कुणी मागे लागलेलं नाही. मी बारशाच्या कुंच्या, झबली, दुपटी शिवते आणि लग्नाच्या रुखवतातलं भरतकाम करते. सुरुवात कशी करायची ते माझ्या गिऱ्हाईक सुशीलाबाई आपटे यांनी सांगितलं. पुढचं माझं.

सोमवारी माझं पोट फाडून बाळ काढणार आहेत. बाळाची वार पिशवीच्या तोंडाशी, खाली आहे. पूर्णिमाच्या वेळी रक्त थांबत नव्हतं. या वेळी जास्त जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त ह्यांच्या बरोबरचे ड्रायव्हर देणार आहेत. मला भीती वाटते. आधी रडू यायचं, आता येत नाही. हात गार असतात. टाका सरळ पडतो.

१. मंगळसूत्र आणि कानातलं पूर्णिमाला. ती चार वर्षांची आहे. तिच्या लग्नाआधी कुणी मोडू नये.

२. पोस्टातले पैसे दोन्ही मुलांचे, सारखे. मुलगा झाला म्हणून जास्त नाही.

३. हातातली कामं. हिंजवडीच्या मॅडमची कुंची अर्धी झालीय. खण त्यांचा, मोती त्यांचे, सगळं परत द्यावं आणि शिलाई मागू नये. रुखवताचे रुमाल झालेत, इस्त्री करून कपाटावर ठेवलेत. मोठी कात्री कापडाची आहे. तिने कुणी कागद कापू नये, दुधाची पिशवी तर नाहीच.

४. माझे पती सीताराम यांनी दुसरं लग्न करावं. माझी हरकत नाही. कंपनीची गाडी रात्रपाळीला असते, पोरांना ते एकटे कुठं बघणार.

५. माझी दोन्ही मुलं एका घरात वाढतील.

हे लिहायचं कारण, गेल्या महिन्यात सासूबाई सोजरबाई माझ्यासमोर म्हणाल्या, "मुलगा झाला तर मी बघीन. पोरीला हिच्या भावाकडे धाडू, भैरूकडे." मी भाजी निवडत होते. मी जिवंत होते, तरी बोलल्या. हे खाली बघत बसले.

त्या दिवशी माझ्या नणंद मालनबाई खडकवासल्याहून आल्या होत्या. चार वर्षांनी आल्या. पूर्णिमाच्या बारशापासून आमचं बोलणं नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव कुणाला कळू नये. पण मला पूर्णिमा हेच नाव पाहिजे होतं. म्हणून माझ्या लग्नातल्या साडीच्या पदराची कुंची शिवली आणि पाठीवर खाली नाव भरून टाकलं. वन्संनी पाळण्यातनं पोर उचलली, कुंची उलटी झाली. चारचौघीत म्हणाल्या, "नाव छापूनच आलंय की! मला कशाला बोलावलंत, घुगऱ्या वाटायला?" त्यांच्या मनात त्यांच्या आजीचं नाव होतं. तरी कानात पूर्णिमाच म्हणाल्या. ताटावर बसल्या नाहीत. मी पण बोलवायला गेले नाही. त्या टोमण्याचा मला अजून राग आहे. मृत्युपत्रात खोटं लिहू नये, म्हणून लिहिते.

तर सासूबाईंनी वाटणी केली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आई, शेळ्या आहेत का वाटून घ्यायला?" वन्सं पाणी प्यायल्या, चहाला थांबल्या नाहीत. दारात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झबली शिवलीस का बाळाला, का जगाचीच शिवत बसलीस?" आणि गेल्या. त्या घरात तेवढं एकच माणूस बोललं.

म्हणून दोन्ही मुलं मालनबाईंकडे द्यावीत. त्यांचे दोन मुलगे आहेत, खोली लहान आहे, मला माहीत आहे. मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आधी टोमणा मारला असता आणि मग हो म्हणाल्या असत्या. टोमणा ऐकायची माझ्यात आत्ता ताकद नाही.

६. शिवणाचं मशीन मोटरसकट पोरांच्या मागे जाईल. दोघं ज्या घरात, त्या घरात मशीन. पोरं वेगळी केली तर सुशीलाबाईंनी ते विकावं, पैसे मुलांच्या खात्यात टाकावेत, सासरी एक बॉबिन ठेवू नये.

इथपर्यंत सुशीलाबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "कौशल्या, मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत गं."

मी म्हटलं, "मग कुठं लिहू?"

त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लिही."

७. शेवटचं. पोटातल्या बाळाला जन्माआधी काही शिवू नये, असं सासूबाई म्हणतात. मी शिवलंय. त्याच साडीचा पदर उरला होता, त्याची कुंची केली. काठाला मोती लावलेत, बंद लावलेत. पाठीवर खाली जागा मोकळी ठेवलीय, वन्संच्या आजीचं नाव मावेल एवढी. दवाखान्याच्या पिशवीत अगदी वर आहे. बाळ बाहेर आणलं की कुंचीत गुंडाळून आधी मालनवन्संच्या हातात द्यावं. नाव त्या सांगतील ते.

मी वाचले तरी नाव त्यांचंच. भरून मी देईन.

सही : कौशल्या सी. पायगुडे

साक्षीदार :
१. सुशीलाबाई आपटे, कोथरूड (सही)
२. रोहिदास कांबळे, शेजारी, ह्यांच्या बरोबरचे ड्रायव्हर, रक्त देणार आहेत (सही)

ठिकाण : कोथरूड, पुणे
तारीख : १२ फेब्रुवारी २००४